बर्फाचा घास

साम्मोल, त्याची मुलगी मार्गेत, मार्गेतची आन्ने आणि आन्नेची राव्ना. नॉर्वेच्या उत्तर टोकाच्या सामी माणसाला आपले नाव सांगायचे तर असे मागून पुढे सांगत यावे लागते. नुसते राव्ना म्हणून भागत नाही, कारण तशा राव्ना फ्योर्डच्या, त्या लांबलचक खाडीच्या, दोन्ही काठांवर पुष्कळ. साम्मोल रेनडिअर राखणारा. त्याच्या गळ्याची ख्याती अशी की पठारावर बसून तो एखाद्याचा योइक, म्हणजे त्या माणसासाठी बांधलेले त्याचे एकट्याचे गाणे, गाऊ लागला, तर ते माणूस खरोखरच येऊन शेजारी बसल्यासारखी कुत्री शेपूट हलवीत. मार्गेत त्याची एकुलती एक. तिचा योइक त्याने ती पाळण्यात असतानाच बांधला. आन्नेला कोणी योइक बांधला नाही. राव्नालाही नाही. साम्मोलच्या गळ्यात जो झरा खळाळत होता तो मध्येच बुजला, आणि कोणाच्या हाताने बुजला हे घरात सर्वांना ठाऊक होते. बोलत मात्र कोणी नसे. मार्गेतने गावात राहून मौन राखले, आन्ने ते मौन सोबत घेऊन दक्षिणेला निघून गेली, आणि राव्ना दक्षिणेकडच्या संगीत विद्यालयातली पदवी घेऊन परत इथे, राउनेसला, शाळेची संगीतशिक्षिका म्हणून आली. का आली, असे विचारणाऱ्यांना ती सांगे की इथे जागा रिकामी होती.

मार्च महिन्यातल्या एका दुपारी सहकारी दुकानात ती रांगेत उभी होती. टोपलीत वाद्यांच्या कळा गोठू नयेत म्हणून स्पिरिटची बाटली, शाळेच्या बँडच्या सोडतीसाठी केकचे सामान आणि मुलांच्या फाटलेल्या हातमोज्यांसाठी लोकर. मनात वीस कामे एकमेकांना ढकलीत होती: चर्चमधल्या दीक्षाविधीच्या मुलांचा गायनसराव, जुन्या वस्तूंची विक्री, तिसरीच्या वर्गाची बासरी, आणि या सगळ्यांच्या डोक्यावर बसलेली सतरा मेची, राष्ट्रदिनाची मिरवणूक, जिच्यासाठी अजून अर्ध्या मुलांना चालता चालता वाजवता येत नव्हते. तेवढ्यात मागून कोणी तिच्या बाहीला हात लावला. ब्रेकुम मास्तर होते. नव्वदी ओलांडलेले, ताठ, हनुवटी किंचित वर, जणू समोर अजूनही वर्ग बसला आहे.

"तू साम्मोलच्या मार्गेतची नात ना? बँडवाली?"

"हो."

"मार्गेत माझ्या हाताखाली शिकली. वसतिगृहात होती. फार गुणी पोर." ते थांबले, खाकरले. "कधी म्हणून तोंड उघडलं नाही तिने. अशी शांत मुलं आता जन्मालाच येत नाहीत."

एवढे बोलून त्यांनी तिच्या हातावर दोनदा थोपटले, दुधाचा डबा काखेत धरला आणि ते दाराबाहेर गेले. बाहेर त्यांची पायघसरगाडी उभी होती. एक पाय पट्टीवर, दुसरा बर्फाला रेटा देणारा, असे ते उतार उतरून दिसेनासे झाले. राव्ना टोपली तशीच खाली ठेवून बाहेर आली. तिची जीभ गार पडली होती. खरोखरच गार, दाढेपासून टोकापर्यंत, जणू कोणी तोंडात काही कोंबले होते आणि ते अजून वितळायचे होते.

पाच वर्षांची असताना, सुट्टीत इथे आली होती तेव्हा, तिने आजीच्या अंगणात बसून मूठभर बर्फ खाल्ला होता. सगळीच मुले खातात. आजीने खिडकीतून पाहिले, अनवाणी बाहेर आली आणि तिच्या तोंडावर अशी चपराक मारली की बर्फाबरोबर दुधाचा एक दातही बाहेर आला. आजीने आयुष्यात मारलेली ती एकच. मग आजी तिथेच बर्फात गुडघे टेकून बसली आणि तिने नातीचे तोंड बोटाने आतून पुसून काढले, हिरड्या, जिभेखाली, गालांच्या आत, एक कणही राहू नये म्हणून. संध्याकाळी आईने पांघरूण सारखे करता करता, दुसऱ्या कोणाची गोष्ट सांगावी तशा आवाजात सांगितले: वसतिगृहात आजी बापाच्या आठवणीने त्याचा योइक गुणगुणे. शाळेच्या छपराखाली योइकला बंदी होती. मग मास्तर तिला वर्गापुढे उभी करीत आणि तिच्या तोंडात बर्फ भरीत. तो पूर्ण वितळून गिळून होईपर्यंत तोंड मिटून उभे राहायचे. पुन्हा गुणगुणली की पुन्हा. वसंतात साम्मोल लेकीला न्यायला स्लेज घेऊन आला आणि लांबूनच, रीतीप्रमाणे, त्याने तिचा योइक गाऊन तिला हाक घातली. मार्गेत धावत आली आणि तिने बापाच्या तोंडावर हात दाबून धरला.  त्यानंतर तिचा योइक तो गायला नाही, आणि त्याच वसंताच्या अखेरीस नदीवरचा बर्फ फुटून तो वाहून गेला. तो योइक दुसऱ्या कोणाला येत नव्हता. तिला स्वतःला येत होता. पण स्वतःचा योइक स्वतः गात नसतात. आरशाला मुजरा करणाऱ्या माणसासारखे ते हास्यास्पद. लहान मुलालाही हे सांगावे लागत नाही.

आणि हा माणूस म्हणतो, शांत पोर. त्या शब्दाला त्याने गोंजारले होते, बक्षिसाच्या कपासारखे. घरी जाताना राव्नाच्या पायाखाली बर्फ करकरत होता आणि प्रत्येक पावलाला तिला वाटत होते की हा आवाज पायाखालचा नसून दातांमधला आहे. राग तिला नवा नव्हता, पण आजवरचा राग ऐकीव होता, वारशाने मिळालेल्या दागिन्यासारखा, पेटीत ठेवलेला. आज तो तिच्या अंगावर चढला आणि मापाने बसला. शाळेत शिरताना तिने ठरवले की या माणसाचे उट्टे काढायचे. कसे, हे तिला माहीत नव्हते. इतके म्हातारे झालेल्या माणसाचे काय काढून घेणार? घर, मान, मुले, आयुष्य, सगळे भोगून तो काठाला लागलेला. मृत्यूसुद्धा आता त्याच्यासाठी शिक्षा नव्हती, फक्त रीत होती.

वाट तिला तुरिदने दाखवली. तुरिद ही बँडच्या पालक मंडळाची अध्यक्ष, मासळी कारखान्यातली मुकादम, बोलू लागली की समोरच्याने श्वास घ्यायचीही सोय नाही अशी. ती सरावाच्या हॉलमध्ये आली तेव्हा अंगावरचा बर्फही झटकला नव्हता.

"राव्ना, ऐक. या वर्षी शाळेला शंभर वर्षं. मिरवणुकीच्या पुढे ब्रेकुम मास्तर चालणार, शाळेच्या पायऱ्यांवर भाषणही तेच करणार. मंडळाचं म्हणणं असं, की त्यांच्यासाठी नवं चालगीत हवं. त्यांच्या नावाचं. आता तू म्हणशील वेळ नाही."

"करते."

"दीक्षाविधी आहे, विक्री आहे, ट्रॉम्बोनवाली दोन पोरं कांजण्यांनी पडलीत..."

"करते म्हटलं ना."

तुरिदने तिच्याकडे डोळे बारीक करून पाहिले. "इतक्या पटकन तर तू केकला पण हो म्हणत नाहीस."

तुरिद गेल्यावर राव्ना पियानोसमोर बसून राहिली. जी गोष्ट तिच्या मनात आली तिची तिलाच थोडी भीती वाटली. योइक हा कोणाविषयी नसतो. तो ते माणूसच असतो. तो बांधणाऱ्याचा राहत नाही, ज्याला दिला त्याचा होतो, आणि दिलेला योइक परत घेता येत नाही की नाकारता येत नाही. प्रेमाने देतात तसा माणसाला नागडे करण्यासाठीही देतात. जुन्या काळी लबाड व्यापाऱ्यांना असे योइक दिलेले होते. व्यापारी मेले, दुकाने बुडाली, पण ते अजून पठारावर लोकांच्या तोंडी डगमगत चालतात आणि लोक हसतात. ज्याने योइकला दाराबाहेर ठेवले, त्याला योइक द्यायचा. त्याच्याच शाळेच्या पायऱ्यांवर, पितळी वाद्यांवर, झेंड्यांखाली. नॉर्वेजियनांना ते चालगीत वाटेल. सामींना कळेल. आणि तो मात्र छाती काढून त्याच्या तालावर चालेल. तिच्या पोटात एक ऊब पसरली, कॉफीच्या पहिल्या घोटासारखी, आणि त्या उबेची तिला लाज वाटली नाही.

पण योइक नुसत्या डुखावर बांधता येत नाही. त्याला माणूस हुबेहूब लागतो. नाही तर ते उगीच सूर होतात. म्हणून त्या वसंतात, श्वास घ्यायला सवड नसताना, राव्ना मास्तरांच्या मागे लागली. टपाल कचेरीपाशी, चर्चच्या दाराशी, बंदराच्या बाकावर, जिथे ते रोज एप्रिलच्या पांढऱ्या उन्हात टोपी काढून बसत. उजवा पाय ते किंचित ओढीत, पण कोणी समोरून आले की तो पाय दुसऱ्याच्या बरोबरीने पडे, जणू तोही शिस्तीत वाढलेला. कोपरा आला की थांबणे, हनुवटी वर, मग वळणे. आणि ती खाकर: दोन खर्जातल्या, तिसरी गिळलेली. त्या गिळलेल्या तिसरीत सगळा माणूस होता. ती तिला ट्यूबा या जाड आवाजाच्या पितळी वाद्यात सापडली. दोन ठोके, आणि तिसऱ्या ठिकाणी एक रिकामी जागा, जिथे ऐकणाऱ्याचाच घसा दाटून येतो. ओढलेला पाय तिने ढोलाला दिला. हनुवटी कॉर्नेटला, त्या छोट्या तुतारीला. एकेक अवयव असा उचलून ती घरी आणी, आणि माशाचे काटे वेगळे करावेत तशी स्वरांत मांडी. लोकांना कौतुक वाटे. तरुण शिक्षिका म्हाताऱ्या मास्तरांशी इतक्या आपुलकीने बोलते. एकदा मास्तरांनी स्वतःच बाकावर जागा करून दिली आणि विचारले, "चालगीत होतंय ना?" ती म्हणाली, "होतंय. तुम्ही आहात तसं होतंय." ते खुश झाले.

मुलांचा सराव शाळेमागच्या वाहनतळावर चाले. दोन्ही बाजूंना यंत्राने रचलेल्या बर्फाच्या भिंती, मधून ओळी. मुखनळ्या काखेत धरून ऊबदार ठेवायच्या, शिट्टी झाली की लावायच्या. उशीर केला तर धातू गार पडून ओठ चिकटतो. नवे चालगीत मुलांना विलक्षण लवकर आले. ते पायांतच उतरले. दुसऱ्याच आठवड्यात ट्यूबा वाजवणारी सिल्ये, गोल चेहऱ्याची, दात पडलेली, ते दिवसभर गुणगुणू लागली; जिन्यात, जेवताना, बासरीच्या तासाला. त्या तासाला राव्नाचे डोके ठणकत होते, तिसरीची मुले एकाच सुराच्या सतरा तऱ्हा काढीत होती, आणि मागच्या बाकावरून ते आले: दोन ठोके, रिकामी जागा, दोन ठोके.

"सिल्ये. तोंड बंद."

 सिल्येने ओठ आत ओढून घेतले आणि ती खाली बघू लागली. राव्नाने ऐकले की हे शब्द बोलण्यापूर्वी आपण खाकरलो होतो. दोनदा, आणि तिसरी गिळली होती. तिची हनुवटी वर होती. तिने हात लावून ती खाली केली, जणू ती दुसऱ्या कोणाची होती. आता तिला आठवले की आठवडाभर आपला उजवा पाय जड आहे, आणि कोपऱ्यावर आपण विनाकारण थांबतो. इतका हुबेहूब माणूस आपल्या आत बसवायचा म्हणजे त्याला जागा द्यावी लागते, आणि तो काही पाहुण्यासारखा कोपऱ्यात बसत नाही. तास संपल्यावर तिने सिल्येला थांबवले. "गुणगुण तू. पाहिजे तेवढं गुणगुण." सिल्येने मान हलवली. "आता नको वाटतंय," ती म्हणाली. त्या एका वाक्याने राव्नाचा राग उसळला. त्या रागाला दोन तोंडे होती आणि त्यातले एक तिच्याकडे वळलेले होते.

ईस्टरच्या सुट्टीत ती कॉर्नेट घेऊन आजीकडे गेली. मार्गेत खाडीच्या वरच्या अंगाला एकटी राहते. अजून स्वतः सरपण फोडते आणि मदतीला आलेल्याच्या हातातून कुऱ्हाड काढून घेते. टेबलाशी बसून ती वाळवलेल्या मांसाचे पातळ तुकडे कापून कॉफीत टाकीत होती. कॉफीत मांस न टाकणारी माणसे तिच्या मते आजारी. राव्नाने काही न सांगता खिडकीपाशी उभी राहून, भोंग्यात कापड कोंबून, ते वाजवले. चालगीताचा वेग काढून टाकून, गोल, पुन्हा पुन्हा, योइक फिरतो तसे. तिसऱ्या फेऱ्याला सुरी थांबली.

"दार लाव," आजी म्हणाली.

"लावलंय, आजी."

"मग हा आत कसा आला?"

राव्नाने कॉर्नेट खाली घेतला. तिला जिंकल्यासारखे वाटले आणि त्याच क्षणी घाबरल्यासारखेही. आजीचा चेहरा दगडासारखा होता.  मग तिने सुरी पुसली, कॉफीचा घोट घेतला आणि घरात आलेल्या माणसाची चौकशी करावी तसे विचारले.

"कोणी बांधला?"

"मी."

"कुठे नेणार याला?"

"सतराला. मिरवणुकीत. तो पुढे चालेल आणि मागे हे वाजेल. सगळं गाव ओळखेल, त्याला एकट्याला कळणार नाही."

"म्हणजे पाठीमागून थुंकायचं." आजीने मान हलवली. "शिकून आलीस ती एवढंच शिकलीस? थुंकावं तर तोंडावर. आणि दुसरं, हा अर्धा आहे. पाय आहे, घसा आहे, ऐट आहे. माणूस कुठाय? अर्धा योइक म्हणजे चावडीवरची चुगली. माझ्या बापाने ऐकला असता तर तुला सरपणाला धाडली असती."

"काय राहिलं?"

 चुलीत लाकूड सरकले. आजीने तुकडा कापला, तो कॉफीत न टाकता टेबलावर ठेवला, आणि बोलू लागली तेव्हा आवाज इतका सपाट होता की राव्नाला पुढे वाकावे लागले.

"भीती राहिली. तो इथं आला तेव्हा पंचवीसचा असेल. दक्षिणेचा. असा अंधार त्याने जन्मात पाहिला नव्हता. आमच्या खोलीची आणि त्याच्या खोलीची भिंत एक. वारा सुटला की तो आईला हाक मारायचा. दबक्या आवाजात, उशीत तोंड घालून. एवढा मोठा गडी. आम्ही पोरी भिंतीला कान लावून ऐकायचो. बाकीच्या हसायच्या. मला हसू यायचं नाही, मीही आतल्या आत तेच करत होते ना. एकदा वारा थांबेना. मी उठले, त्याच्या दाराशी गेले आणि माझ्या बापाचा योइक म्हटला. हळूच. मला त्याने बरं वाटायचं, म्हटलं यालाही वाटेल. त्याने दार उघडलं. डोळे लाल. माझ्याकडे बघितलं. सकाळी वर्गापुढे उभी केली आणि भरवला पहिला घास."

राव्नाच्या हातातला कॉर्नेट गार पडला होता.

"आई म्हणाली होती की तुम्ही गायलात म्हणून..."

"गाणं निमित्त गं. गात सगळ्याच होत्या. मी ऐकलं, हे त्याला माहीत होतं. मी बोलू नये म्हणून भरवला. आणि मी कोणालाच सांगितलं नाही, माझ्या आईला नाही, तुझ्या आईला नाही. त्याला वाटलं मी त्याची लाज राखली. राखली नाही मी. पुरून ठेवली."

म्हणजे दुकानात तो कौतुक करीत नव्हता, आभार मानीत होता. किंवा चाचपून पाहत होता, झाकण अजून घट्ट आहे ना. राव्नाला तो तरुण दिसला, उशीत तोंड घातलेला, आणि तिच्या रागाच्या पायाखालची जमीन किंचित सरकली. तिने त्याच्या पायाचे, घशाचे, हनुवटीचे वजन केले होते. हा भेदरलेला तरुण तिच्या वजनात नव्हता. खिडकीबाहेर छपरावरून पाणी ठिबकत होते.

"आजी, मग हे नको वाजवायला. कदाचित."

"का? तो माणूस निघाला म्हणून?" आजीने पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ पाहिले. "माणूसच होता तो. लांडग्याने भरवला असता बर्फ, तर मी कशाला डूख धरला असता? लांडग्याला काय कळतंय. हा रात्रभर रडायचा आणि सकाळी उठून आम्हाला रडायची बंदी करायचा. बाप गेला माझा, त्याला मी शेवटचं काय दिलं ठाऊक आहे ना? तोंडावर दाबलेला हात. दया करायची तर मी करीन. ती माझी आहे, तुझी नाही. आणि मी करत नाही."

मग तिने घसा साफ केला. राव्नाने त्या घरात कधी गाणे ऐकले नव्हते. आजी चर्चमध्येसुद्धा ओठ मिटून उभी राहते. मार्गेतने तोंड उघडले आणि दोन स्वर काढले, एक वरचा आणि त्याखाली घसरणारा दुसरा. पोर पडल्यावर आईला मारते तशी हाक. तिच्या म्हाताऱ्या गळ्यातून पंचवीस वर्षांच्या पुरुषाचा रुंधलेला आवाज असा नितळ आला की राव्नाने वळून भिंतीकडे पाहिले.

"हे घाल. शेवटी," आजी म्हणाली. "म्हणजे पुरता होईल. जायच्या आधी सरपण आत आण."

पुढचे दिवस कसे गेले हे राव्नाला नीट आठवत नाही. विक्री झाली, दीक्षाविधी झाला, रस्त्याकडेच्या बर्फाच्या भिंती काळ्या पडल्या, कांजण्यांची पोरे परत आली. शेवटचा भाग तिने एकट्या कॉर्नेटला दिला, आणि तो स्वतः वाजवायचे ठरवले. मुलांच्या तोंडी तो द्यायला तिचा हात होईना. तुरिदने सरावात ऐकून विचारले, "शेवटी एवढं रडकं कशाला?" राव्ना म्हणाली, "त्यांच्या तरुणपणाचा भाग आहे." तुरिदने मंडळाला तसेच कळवले, आणि मंडळाला ते फार हृद्य वाटले. झोपेत राव्ना खाकरून जागी होत असे. पण आता तिच्या आतला माणूस नुसता चालत नव्हता. तो तिच्या भिंतीपलीकडे पडून कोणाला तरी हाका मारीत होता, आणि ती उठून दाराशी जात नव्हती.

सतरा मेला सकाळी भुरभुर बर्फ पडत होता आणि पडता पडता विरघळत होता. मुलांच्या गणवेशांवर, झेंड्यांवर, सामी बायकांच्या निळ्या-लाल पोशाखांवर तो क्षणभर टिके. मास्तरांनी पायघसरगाडी नाकारली आणि ते काठी घेऊन पुढे उभे राहिले, छातीवर फीत, हनुवटी वर. राव्नाने बँडला इशारा द्यायची काठी उचलली, ढोलाचा पाय पडला, आणि मिरवणूक निघाली. पहिल्या वळणापर्यंत काही झाले नाही. मग रस्त्याच्या कडेला उभे असलेले म्हातारे, एकेकाळी वसतिगृहात राहिलेले म्हातारे, एकेक करून मान वर करू लागले. बर्फ हटवायच्या यंत्रावर आयुष्य काढलेला इस्साक आपल्या बायकोला कोपराने ढोसून म्हणाला, आणि ते राव्नाला स्पष्ट ऐकू आले: "अगं, हा तर चालतोय बघ. समोर एक, वाद्यात एक." बायकोने रुमाल तोंडाशी नेला. हसू पुढे पुढे सरकत गेले, सामी तोंडांवरून सामी तोंडांवर, आणि नॉर्वेजियन माणसे हसणाऱ्यांकडे पाहून प्रेमाने हसू लागली. मास्तरांना वाटले हे प्रेम आपल्यासाठी. त्यांचा ओढलेला पाय ढोलावर पडत होता, दुसरीकडे पडणारच कसा, आणि चाल अंगात इतकी भिनली की शाळेपाशी पोचेपर्यंत ते स्वतः गुणगुणू लागले. मोठ्याने. दोन खर्जातले, मग गिळलेला.

"स्वतःचाच गातोय," इस्साक म्हणाला. "अरे देवा, स्वतःचाच गातोय."

आता कोणी रुमाल शोधीत बसले नाही. राव्नाने जे स्वप्नातही मागितले नव्हते ते तिला मिळाले: ज्याने योइक गाणाऱ्यांची तोंडे बुजवली, तो आपल्या शाळेच्या पायऱ्यांवर उभा राहून, झेंड्याखाली, स्वतःचा योइक गात होता. तिला हसायचे होते. तिच्या छातीत ते हसू तयारही होते. पण मास्तर वळून मुलांकडे पाहत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होते, आनंदाचे. बँड थांबला. पुढचा भाग तिचा होता. एक क्षण तिला वाटले की कॉर्नेट उचलू नये, एवढे पुरे. मग गर्दीच्या पहिल्या रांगेत तिला आजी दिसली. आजी हसत नव्हती. ती वाट पाहत होती. राव्नाने कॉर्नेट ओठांना लावला आणि ते दोन स्वर वाजवले.

मास्तर अजून गुणगुणत होते. त्यांचा आवाज त्या स्वरांच्या मागे एक पाऊल गेला, पायरी चुकल्यासारखा अडखळला आणि बंद पडला. तिने पुन्हा वाजवले. वरचा, आणि घसरणारा. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्यांनी मुलांकडे पाहिले, मग मंडळाकडे, मग रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या म्हाताऱ्या माणसांकडे, एकेकाच्या डोळ्यांत, जसे ते पूर्वी सकाळी वर्गाच्या दारात उभे राहून पाहत असतील. आणि जुन्या पोरींनी, ज्या आता पणज्या झाल्या होत्या, या वेळी नजर खाली घातली नाही.  छपरावरून ओला बर्फ घसरून पडला.

"हे कोणाचं आहे?" मास्तरांनी विचारले.

कोणी रचले, असे त्यांनी विचारले नाही. हयातभर जे शिकायला त्यांनी नकार दिला त्यातले एवढे तरी त्यांना कळले होते.

मार्गेत पुढे आली आणि पायऱ्यांखाली उभी राहिली. तिने पोशाख नीट केला, छातीवरची चांदीची गळपीन सरळ केली.

"तुमचं, मास्तर," ती म्हणाली, त्यांनीच शिकवलेल्या स्वच्छ नॉर्वेजियनमध्ये.

मग तिने गायला सुरुवात केली. वाद्ये नव्हती, वेग नव्हता. सगळा, पहिल्यापासून: पाय, खाकर, कोपऱ्यावरचे थांबणे, हनुवटी, उशीतली हाक, आणि परत पाय. योइक गोल फिरला आणि दुसऱ्या फेऱ्याला इस्साक त्यात आला, मग त्याची बायको, मग वसतिगृहातल्या सगळ्या. शाळेच्या दारासमोर पांढऱ्या केसांची माणसे एका माणसाला गात होती, आणि तो माणूस पुढे उभा राहून स्वतःला ऐकत होता, जागचा हलू न शकता. सिल्ये ट्यूबा पोटाशी धरून तोंड उघडे टाकून बघत होती. राव्नाच्या आतून कोणी उठून बाहेर गेल्यासारखे तिला हलके वाटले, आणि त्याबरोबर थोडे ओकेबोकेही. तिने बांधलेले आता तिचे उरले नव्हते.  मास्तरांनी काही बोलायचा प्रयत्न केला, आणि मार्गेतने, गाणे न थांबवता, एक बोट वर करून त्यांना थांबवले, पोराला थांबवतात तसे. ते थांबले.

शेवटचा स्वर तिने अर्ध्यावर सोडला, योइक सोडतात तसा. माणूस जिवंत आहे तोवर त्याला मिटवीत नाहीत. मग ती एक पायरी चढली, मास्तरांची सरकलेली फीत तिने नीट बसवली आणि त्यांच्या डोळ्यांत पाहिले.

"तुमचं तुम्हाला पोचलं," ती म्हणाली. "मी सांभाळलं तेवढं सांभाळलं. आता माझ्याकडे तुमचं काही नाही."